एसीत गॅस भरून घेण्याआधी: गळती ओळखायची कशी, शोधायची कशी आणि एकदाच नीट दुरुस्त कशी करून घ्यायची

मार्च संपत आला की सोलापुरात पारा चाळिशीकडे सरकतो आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "साहेब, गॅस कमी झालाय, भरावा लागेल." पैसे देऊन गॅस भरला जातो, तो उन्हाळा निभतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पहिल्यांदाच एसी घेतलेल्या माणसाला वाटतं, गाडीत पेट्रोल भरतात तसा एसीत दरवर्षी गॅस भरायचाच असतो. तसं अजिबात नाही. माझ्या आईवडिलांचं घर पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत आहे आणि माझं जुळे सोलापुरात. दोन्हीकडच्या एसींची गळती मी शोधून, दुरुस्त करून घेतली आहे. त्यात जे कळलं ते इथे क्रमाने देतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होताना तो उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये तिचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर पडते. घरातला फ्रिजही असाच चालतो आणि त्यात वर्षानुवर्षे कोणी गॅस भरत नाही. म्हणून गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र आहे, आणि ते बुजवल्याशिवाय भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

१. आउटडोअर युनिटवरची प्लेट वाचा आणि फोटो काढून ठेवा

आउटडोअरच्या बाजूला एक स्टिकर किंवा पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर मॉडेल नंबर, सीरियल नंबर, गॅसचं नाव आणि गॅसचं वजन ग्रॅममध्ये किंवा किलोत छापलेलं असतं. सोलापूरच्या उन्हात हे स्टिकर काही वर्षांत पांढरं पडतं, त्यामुळे एसी नवा असतानाच फोटो काढा. पुढची निम्मी भांडणं या एका फोटोने मिटतात.

घरगुती एसीत बहुतेक या चारपैकी एक गॅस सापडेल:

- आर-२२: जुन्या एसींमध्ये. यातल्या क्लोरीनमुळे ओझोनच्या थराला धोका पोहोचतो. १९८७ च्या माँट्रियल करारातून यांसारखे गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आले आणि १ जानेवारी २०२५ पासून भारतात नव्या उपकरणांच्या उत्पादनात याच्या वापराला मनाई आहे. जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो.
- आर-४१०ए: आर-३२ आणि आर-१२५ यांचं समसमान वजनाचं मिश्रण. ओझोनला धोका नाही, पण हवेत सुटल्यावर पृथ्वीचं हवामान तापवण्याची याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट.
- आर-३२: आजच्या बहुतेक इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग बदलत चालणाऱ्या) एसींत हाच. तापवण्याची ताकद ६७५ पट. सौम्य ज्वलनशील.
- आर-२९०: म्हणजे शुद्ध प्रोपेन. हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी, पण पटकन पेट घेणारा. गोदरेजच्या काही मॉडेलांत हा सापडतो. याचं वजन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं.

प्लेटवर जो गॅस लिहिलाय तोच भरायचा, दुसरा कुठलाही नाही. "आर-२२ महाग झालाय, आर-३२ टाकून देतो" असं कोणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा. ३५ अंश तापमानाला आर-२२ चा दाब साधारण १८० पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतो आणि आर-३२ चा ३०० च्या आसपास. जुन्या मशीनच्या नळ्या, कॉम्प्रेसर आणि त्यातलं तेल या दाबासाठी बनवलेलंच नाही. आर-२२ ला 'पर्याय' म्हणून प्रोपेनसारखे गॅस भरणारेही भेटतात. ज्या मशीनचे स्विच आणि वायरिंग ज्वलनशील गॅससाठी केलेलं नाही, त्यात हा गॅस बेडरूममध्ये आणणं जिवावर बेतू शकतं.

२. गॅसला दोष देण्याआधी हे तपासा

एसी गार करत नाही याची कारणं अनेक असतात, आणि गॅस त्यातलं फक्त एक आहे. आपल्या गावात तर बाकीचीच जास्त.

फिल्टर आणि इनडोअर कॉइल: भवानी पेठ, साखर पेठ, अशोक चौक या यंत्रमागांच्या भागात राहत असाल तर सुताचा बारीक तंतू हवेत असतोच. तो फिल्टरवर लोकरीसारखा थर धरतो. जाळीतून निसटलेला तंतू आतल्या कॉइलवर आणि ब्लोअरच्या (आतल्या पंख्याच्या) पात्यांवर बसतो, तो नुसता फिल्टर धुऊन निघत नाही. आईच्या घरी उन्हाळ्यात दर आठवड्याला फिल्टर धुवावा लागतो, माझ्याकडे पंधरवड्याने भागतं.

आउटडोअर कॉइल: होटगी रोड, विजापूर रोडच्या नव्या वसाहतींत बांधकामाची धूळ फार. मागची जाळी चोंदली की उष्णता बाहेर पडत नाही. आधी ब्रशने कोरडी धूळ काढा, मग हलक्या दाबाचं पाणी मारा. जेट पंप जवळून मारला तर कॉइलचे पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते.

जागा आणि ऊन: एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. मे महिन्यात दुपारी सावलीतच ४२-४३ अंश असतात आणि पश्चिमेच्या भिंतीला चिकटलेल्या आउटडोअरभोवती त्याहून जास्त. तेव्हा दीड टनाचा एसी दीड टनाचं काम देत नाही, आणि हा बिघाड नव्हे. दुपारी तीनला गार होत नाही पण रात्री अकराला छान होतं, असं असेल तर गॅसचा संशय बाजूला ठेवा. आउटडोअरला हवा न अडवता सावली करा, गच्चीच्या स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग द्या.

व्होल्टेज आणि कपॅसिटर: संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, नुसता पंखा फिरतो. साध्या, बिनइन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर सुरू करून देणारा कपॅसिटर निकामी झाला तरी हेच होतं.

आता थर्मामीटरची चाचणी. स्वयंपाकघरात वापरतात तसा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. एसी १६ ते १८ अंशांवर आणि पंखा पूर्ण वेगात ठेवून वीस मिनिटं चालू द्या. इन्व्हर्टर मशीन असेल तर टर्बो लावा, नाहीतर कॉम्प्रेसर हळू चालेल आणि आकडा फसवेल. मग इनडोअरच्या वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. ८ ते १२ अंशांचा फरक ठीक समजावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो याहून थोडा जास्तही येतो. फिल्टर, कॉइल साफ असूनही फरक चार-पाच अंशच असेल, तर पुढचा टप्पा वाचा.

३. गॅस गळतोय याच्या खऱ्या खुणा

सर्वांत विश्वासू खूण म्हणजे तेलाचा डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल सगळ्या नळ्यांतून फिरतं. गळतीच्या जागी गॅस उडून जातो, तेल मागे राहतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट, चिकट डाग बनतो. आउटडोअरच्या दोन व्हॉल्व्हवर, नटांच्या भोवती आणि इनडोअरच्या मागच्या जोडांवर टॉर्च मारून पाहा.

दुसरी खूण बर्फाची. एसी चालू असताना आउटडोअरला जाणारी बारीक नळी पांढरी पडली आणि जाड नळी कोमट किंवा कोरडी असली, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. उलट जाड नळी आणि सगळी इनडोअर कॉइल बर्फाने भरली असेल तर बहुधा हवा अडली आहे, म्हणजे फिल्टर किंवा ब्लोअर घाण झालाय. हा फरक लक्षात ठेवला तर निम्मं निदान घरीच होतं.

इथे आपल्या हवामानाचा एक सापळा आहे. "पाणी कमी येतंय म्हणजे गॅस कमी" असं सर्रास सांगितलं जातं. ड्रेन पाइपमधून येणारं पाणी खोलीच्या हवेतल्या बाष्पाचं असतं. मुंबईत बादली भरते, पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की ठणठणीत एसीतूनही जेमतेम थेंब पडतात. बर्फही त्याच कारणाने उशिरा आणि कमी दिसतो. जूनमध्ये ढग आले की पाणी आपोआप वाढतं. म्हणून मे महिन्यात पाण्यावरून गॅसचा अंदाज बांधू देऊ नका.

बाकी खुणा: कॉम्प्रेसर थांबतच नाही, वीजबिल चढतं, इन्व्हर्टर मशीन एरर कोड दाखवून बंद पडतं. कोडचा अर्थ पुस्तिकेत असतो, आधी तो पाहा.

४. गळती बहुतेक कुठे असते

फ्लेअर नट. तांब्याच्या नळीचं तोंड फुगवून ते नटाने आवळतात तो जोड. बसवताना नळी वाकडी कापली, कडेचा कीस राहिला किंवा अंदाजाने जास्त आवळलं की तिथून हळूहळू गळती सुरू होते. नव्या एसीचा गॅस पहिल्या वर्षातच गेला तर आधी हेच चार जोड पाहायला सांगा.

पिन व्हॉल्व्ह. आउटडोअरवर जिथे दाब मोजायचं गेज लावतात ती जागा. आतली पिन झिजली किंवा वरची टोपी लावायची राहिली की गळते. स्वस्त भाग आहे, त्यामुळे यासाठी मोठं बिल मान्य करू नका.

घासलेली नळी. भिंतीच्या भोकाजवळ, क्लॅम्पवर किंवा आउटडोअरच्या आत दोन नळ्या एकमेकींना लागून थरथरत असतील तर तिथे कालांतराने छिद्र पडतं.

इनडोअर कॉइल. ही सगळ्यात त्रासदायक. काही रसायनांच्या आणि गटारातल्या वायूंच्या संपर्काने तांबं आतून पोखरतं आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. आपल्याकडे एसीचा ड्रेन पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा बाथरूमच्या लाइनमध्ये सोडायची पद्धत आहे. तो वायू त्याच पाइपमधून उलटा इनडोअरमध्ये शिरतो. पाइपचं टोक उघड्यावर, बादलीत किंवा कुंडीत सोडा. पाणीही वाया जात नाही, जे आपल्या गावात महत्त्वाचं आहे. पोखरलेल्या कॉइलला एक टाका मारला तरी शेजारी दुसरं छिद्र तयार होत असतं, म्हणून अशी कॉइल बदलणंच योग्य.

५. मेकॅनिक यायच्या आधी हाताशी ठेवा

- खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- प्लेटचा फोटो, इनडोअरच्या सीरियल नंबरचाही
- एसी बसवल्याची पावती, तारीख आणि तांब्याची नळी किती मीटर लागली ते
- आधीच्या दुरुस्त्यांच्या पावत्या, विशेषतः गॅस कधी भरला त्याची
- थर्मामीटरचे आकडे, वेळेसह लिहिलेले
- टॉर्च, शिडी, आउटडोअरपर्यंत मोकळी वाट

फोनवरच विचारा: "नायट्रोजनचा सिलिंडर, व्हॅक्युम पंप आणि वजनकाटा आणणार ना?" व्हॅक्युम पंप म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा पंप. नुसतं गेज आणि छोटा गॅसचा डबा घेऊन येणारा माणूस गॅस भरू शकतो, गळती बंद करू शकत नाही.

६. गळती शोधणं

मेकॅनिक बंद मशीनला गेज लावून "प्रेशर आहे, गॅस आहे" म्हणाला तर ते अर्धसत्य आहे. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी बंद मशीनमधला दाब फक्त तापमानावर ठरतो, मग गॅस आठशे ग्रॅम असो की चारशे. बंद मशीनच्या दाबावरून एवढंच कळतं की ती पूर्ण रिकामी नाही.

पहिली पायरी साबणाच्या पाण्याची. जोडांवर घट्ट फेस लावून बुडबुडे पाहायचे. गळती बारीक असेल तर बुडबुडा यायला दोन-तीन मिनिटं लागतात, घाईने फडकं मारू देऊ नका.

तिथे सापडलं नाही तर उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घेऊन नायट्रोजन भरायचा आणि काटा खाली येतो का ते काही तास पाहायचं. दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेतच ठेवायचा. एक हिशेब लक्षात ठेवा: दुपारी ४० अंशांत ३०० पीएसआय लावला आणि संध्याकाळी नळ्यांचं तापमान ३० वर आलं, तर गळती नसतानाही काटा साधारण १० ने उतरतो. त्याहून जास्त उतरला तर शोध चालू ठेवा. दाब टिकत नसेल तर इनडोअर आणि आउटडोअर वेगळं करून एकेक तपासायला सांगा, म्हणजे दोष कुणात ते ठरतं.

नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरू देऊ नका, कुठल्याही परिस्थितीत नाही. वेल्डिंगसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर मेकॅनिककडे असतोच, आणि "तोच लावू" म्हणणारे आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. ज्योतीचा रंग बदलतो का ते पाहून गळती शोधायची जुनी पद्धतही विसरा. ती क्लोरीन असलेल्या गॅसवर चालायची, आर-३२ आणि आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाही, आणि आर-३२ जवळ ज्योत न्यायचीच नसते.

ही तपासणी वेळ खाते. एप्रिल-मेमध्ये मेकॅनिकला दिवसाला दहा घरं असतात आणि तासभर थांबायलाही सवड नसते. म्हणून संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली की फेब्रुवारीतच एसी चालवून पाहा आणि शंका असेल तर तेव्हाच बोलवा.

७. दुरुस्ती, व्हॅक्युम आणि वजनावर गॅस

क्रम हाच: गळती बंद करणं, पुन्हा नायट्रोजनची चाचणी, व्हॅक्युम, मग गॅस. वेल्डिंग करायचं असेल तर नळीत गॅस अजिबात नसावा. आर-२९० पेट घेतो, आणि बाकीचे गॅस ज्वाळेत जळले की हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात.

व्हॅक्युमवर बहुतेक ठिकाणी काटछाट होते. पंप न लावता थोडा गॅस सोडून नळीतली हवा "बाहेर ढकलली" म्हणतात. हवा बऱ्यापैकी जाते, पण ओलावा राहतो. आर-३२ आणि आर-४१०ए च्या मशीनमधलं तेल ओलावा चटकन शोषतं, त्याचं आम्ल बनतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगची वाट लागते. हा बिघाड लगेच दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जातो आणि तोवर आज कोण आलं होतं ते कुणाला आठवत नाही. पंप किमान अर्धा तास चालू द्या. मायक्रॉन गेज (व्हॅक्युम मोजायचं मीटर) असेल तर ५०० मायक्रॉनखाली जायला हवं. मग पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं दाब स्थिर राहतो का ते पाहा.

गॅस वजनकाट्यावरच भरून घ्या. सिलिंडर काट्यावर ठेवल्यावर आणि भरून झाल्यावर असे दोन फोटो काढा. फरक प्लेटवरच्या आकड्याइतका हवा, आणि नळी जादा लांब असेल तर पुस्तिकेत दर मीटरला जितके ग्रॅम दिलेत तितके वाढवून. गच्चीवर आउटडोअर आणि खालच्या मजल्यावर खोली असेल तर हे विसरू नका. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्याबरोबर गेजचा काटाही हलतो. म्हणून "काटा १३० वर आणला" हे उत्तर पुरेसं नाही. जास्त गॅसही कमी गॅसइतकाच वाईट.

आर-४१०ए मिश्रण असल्याने तो सिलिंडर उलटा करून द्रवरूपातच भरायचा. मोठी गळती झाली असेल तर उरलेला काढून पूर्ण नवा भरणं चांगलं. आर-३२ हा एकच पदार्थ आहे, त्याचं प्रमाण बिघडत नाही, तरी किती उरलाय हे कळत नसल्याने काढून मोजून भरणंच खात्रीचं.

जुना गॅस हवेत सोडू नका असा आग्रह धरा. आठशे ग्रॅम आर-३२ म्हणजे ५४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार, आणि या उन्हाळ्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परवडणारा नाही.

८. घरातल्यांची सुरक्षितता

या गॅसना जवळजवळ वास नसतो, एसीतल्या प्रोपेनलाही स्वयंपाकाच्या गॅससारखा वास मिसळलेला नसतो. सगळे हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतात. जोराचा फुस्स आवाज आला तर दारं-खिडक्या उघडा, समई, उदबत्ती, गॅस शेगडी विझवा, जमिनीवर झोपलेल्या मुलांना आधी बाहेर न्या. खोलीतल्या बटणांना हात न लावता मेन स्विच बाहेरून बंद करा. द्रव गॅस त्वचेवर उडाला तर कातडी गोठते, तेव्हा न चोळता कोमट पाणी घाला आणि डॉक्टरांकडे जा.

९. वॉरंटी, पावती, तक्रार

जाहिरातीतली दहा वर्षांची वॉरंटी बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस आणि कॉइलला किती मुदत आहे ते कार्डावर वाचा. वॉरंटीत असताना बाहेरच्या माणसाकडून मशीन उघडून घेऊ नका.

पावतीवर "एसी रिपेअर" एवढंच लिहून घेऊ नका. गळती कुठे होती, काय बदललं, कोणता गॅस किती ग्रॅम भरला आणि कामाची हमी किती महिन्यांची, हे चार मुद्दे हवेत. त्याच जागेची गळती पुन्हा झाली तर हाच कागद उपयोगी पडतो.

कोणी दाद देत नसेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तरी सुटलं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाता येतं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

१०. घर बदलताना

एसी काढताना गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून घेता येतो. मशीन कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा बंद करायचा आणि लगेच मशीन थांबवायचं. थांबवायला उशीर झाला तर कॉम्प्रेसर हवा ओढू शकतो, म्हणून गेज न लावता हे करू देऊ नका, आणि नळीत गळती असलेल्या मशीनवर तर करूच नका. आधी गळती बंद, मग हलवणं. नव्या घरी फ्लेअर नव्याने करायला सांगा, चेपलेलं जुनं तोंड पुन्हा आवळू देऊ नका. व्हॅक्युम तिथेही करायचाच, आणि जोडांवर साबणाचा फेस लावून पाहिल्याशिवाय मेकॅनिकचे पैसे देऊ नका.